पगार वाढवाल तर मिसळ महागेल

रविवारी सकाळी मिसळ खायला गेलात, नंबर यायला पाऊण तास आहे, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळं खानदान बसलंय, आणि तेवढ्यात कुणाचा तरी पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणतो, "काका, किमान वेतन वाढवलं पाहिजे यार." झालं. आता सगळे तुमच्याकडे बघणार, कारण तुमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत युनिट आहे, नसेल तर तुमच्या मेव्हण्याचं आहे, आणि तेही नसेल तर तुम्ही व्हॉट्सॅपवर अर्थशास्त्र वाचता. अशा वेळी गडबडायचं नाही. मी या वादात पंधरा वर्षं पडतोय आणि एकदाही हरलो नाहीये, त्यामुळे जे काही शिकलो ते सांगून ठेवतो. फुकट. मेहनताना मागणार नाही, सवय नको लागायला.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा बोलायचा नाही. "वाढवू नये" हे टेबलावर हात आपटून सांगा, पण आत्ता किती आहे हे चुकूनही सांगू नका, कारण तुम्हाला माहीत नाहीये. लाजायचं कारण नाही, कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडे ते उद्योगाप्रमाणे वेगळं, परिमंडळाप्रमाणे म्हणजे भागाप्रमाणे वेगळं, कुशल-अर्धकुशल-अकुशल वेगळं, मूळ वेतन वेगळं आणि वर विशेष भत्ता, तो परत दर सहा महिन्यांनी जानेवारीत न जुलैत महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. म्हणजे पुतण्या जे मागतोय ते थोडं थोडं वर्षातून दोनदा कागदावर होतंच असतं. हे मात्र त्याला सांगायचं नाही हां. लगेच विचारेल, मग काका तुमच्याकडे जुलैचा भत्ता लागला का. आणि मिसळ यायला अजून अर्धा तास आहे.

दराचा कागद कामगाराला दिसेल असा लावायचा असतो, तो लावा, त्यात काही जात नाही. मी एका युनिटात बघितला (नाव घेत नाही, मालक चांगला माणूस आहे, चहा पाजतो). वॉटर कूलरच्या मागे बोर्ड, बोर्डावर सगळ्यात वर गणपतीच्या वर्गणीची यादी, तिच्याखाली "डबे इथे धुवू नये", त्याच्याखाली कुणाच्या तरी बहिणीची लग्नपत्रिका, आणि सगळ्यात खाली, कूलरचं पाणी पिऊन फुगलेला, पिवळा, इंग्रजीतला कागद. तारीख तेवढी वाचता येत होती. शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरला दाखवली तर म्हणाला, "सर, तेव्हा मी नववीत होतो." बघा, कायदा पाळला की नाही? पाळला. दिसतोय का? दिसतोय, कूलर सरकवला की दिसतोय.

आता मुद्दे. सगळ्यात भारी मुद्दा महागाईचा, तोच आधी काढा. "पगार वाढले की सगळं महाग होतं, ही मिसळ उद्या दीडशेला जाईल, तेव्हा तूच बोंबलशील." हे बोलताना आवाज जरा खाली आणायचा, काळजी वाटली पाहिजे. फक्त एक करा, समोरच्याला हिशोब मांडू देऊ नका. कारण हा पुतण्या नालायक आहे, तो टिश्यूवर मांडेल. समजा हॉटेलात पाच पोरं कामाला, प्रत्येकाला दिवसाला शंभर रुपये वाढवले, झाले पाचशे. दिवसाला अडीचशे प्लेटा जात असतील तर प्लेटमागे दोन रुपये. दोन. तुम्ही पार्किंगवाल्याला आत्ता वीस देऊन आलात. तेल वाढलं तेव्हा प्लेट दहाने वाढली, फरसाण वाढलं तेव्हा परत दहाने, सिलिंडर वाढला तेव्हा परत, आणि एकदा नुसतंच नवीन छत टाकलं म्हणून वाढली, तेव्हा तुम्ही म्हणलात "चालायचंच, पण तर्री बघा ना". तेलाने भाव वाढला तर ती तेजी, माणसाने वाढला तर तो माज. ही आपली भूमिका आहे न ती ठाम ठेवायची.

टिश्यू खिशात घाला आणि दुसऱ्या मुद्द्यावर या. इथे दोन वाक्यं पाठ करायची आहेत. एक, "पगार वाढवले तर पोरांच्या नोकऱ्या जातील." दोन, "कामाला पोरंच मिळत नाहीत आजकाल." दोन्ही एकाच श्वासात म्हणायची, मध्ये थांबलात तर कुणीतरी विचारेल की मिळतच नाहीत तर जातील कुणाच्या. मी तर मध्ये "काय सांगू राव तुला" एवढं घालतो, त्याने सांधा दिसत नाही.

बाय द वे, आपण हे सगळं रविवारी बोलतोय ती रविवारची सुट्टी कुणी दिली? गिरणी मालकांना एक दिवस सकाळी उठून माया आली असं नाहीये. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा कुठे १० जून १८९० ला ती मिळाली. त्या वेळी पण कुणीतरी मुंबईत बसून म्हणालंच असणार की एक दिवस गिरणी बंद राहिली तर कापड महागेल. आपण त्या माणसाचे वारसदार. सुट्टी लोखंडेंची, विचार मालकांचे, आणि रस्सा वाढायला तो पोरगा, त्याला रविवारी सुट्टी नाही कारण आपल्याला आहे.

पुतण्या कायद्यावर आला तर? येईल. त्याला १९४८ चा किमान वेतन कायदा माहीत असेल. तुम्ही म्हणायचं, "तो गेला आता, नवीन संहिता आली." हे खरं आहे, म्हणून जोरात म्हणा. वेतन संहिता २०१९ ला पास झाली आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला, मधली सहा वर्षं ती कुठल्या कपाटात होती ते विचारू नका. जुन्या कायद्यात कमी पगार दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. पाचशे! एवढ्यात आपल्या चौघांची मिसळ होते न वर ताकाचे पैसे सुटे द्यावे लागतात. आता म्हणे पन्नास हजारांपर्यंत. तेवढं ऐकून घाबरू नका, कारण इन्स्पेक्टरचं नाव पण बदललंय, तो आता "इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर" आहे. म्हणजे काय, तर पकडणारा न समजावून सांगणारा एकच. आपल्याला समजावून घ्यायला आवडतं.

कुणी फारच शिकलेला निघाला तर तो १९८२ काढेल. दिल्लीत एशियाडची (आशियाई खेळांची) बांधकामं चालली होती, तिथल्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हणलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी, आपल्या भाषेत वेठबिगारी. आणि सक्ती म्हणजे कुणी दंडुका घेऊनच उभं पाहिजे असं नाही, भुकेची सक्ती पण सक्तीच. यावर उत्तर तयार ठेवा, "आमच्याकडे कुणी कुणाला धरून ठेवलेलं नाही, गेट उघडं आहे." मी एका शेठला हे म्हणताना ऐकलंय, आणि खरंच गेट उघडं होतं, कारण बाहेर अजून सहा जण बसले होते.

काही लोक लिहून पण घेतात बरं का. "मला ठरलेला पगार मान्य असून माझी कोणतीही तक्रार नाही", स्टॅम्पपेपरवर, खाली अंगठा किंवा सही. १९४८ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं की किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द. म्हणजे त्या कागदाची किंमत शून्य, वर स्टॅम्पचे पैसे गेले. पण घेऊन ठेवा, कामगाराला थोडंच माहितीये.

आता जरा फॉर्म्युला बघू, कारण हा तर सोन्याचा तुकडा आहे. किमान वेतन काढायचं कसं हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेत ठरलं. एक कमावता माणूस, तो १ युनिट (हे युनिट कारखान्याचं नाही, खाणारं तोंड मोजायचं माप). बायको ०.८. दोन पोरं ०.६ आणि ०.६. झाले ३ युनिट. प्रत्येक युनिटला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती न बाकीचं वीस टक्के. पुढे १९९१ ला सुप्रीम कोर्टाने म्हणलं की पोरांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी अजून पंचवीस टक्के धरा. आता तुम्ही बघा, यात आई-वडील किती युनिट? शून्य. म्हणजे सिडकोतल्या दोन खोल्यांत जो माणूस आईला गोळ्या आणून देतो ती आई हिशोबातच नाही, तिने जेवायचं ते त्या ०.६ वाल्या नातवाच्या ताटातलं. हे तुम्ही आपल्या बाजूने वापरा. म्हणा, "सरकारने सगळा शास्त्रशुद्ध विचार करून ठेवलाय." घरी जाऊन आपल्या आईला मात्र सांगू नका की ती किती युनिट आहे, मी सांगून बघितलं, दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

आणि सरकार किती विचार करतं त्याचा हा नमुना घ्या. २०१७ ला देशपातळीवरचा किमान दर केला दिवसाला १७६ रुपये. मग सरकारनेच तज्ज्ञांची समिती नेमली, २०१९ च्या सुरुवातीला समितीने अहवाल दिला की दिवसाला ३७५ तरी पाहिजेत. त्याच वर्षी सरकारने वाढवून किती जाहीर केले? १७८. दोन रुपये हो! दोन वर्षांत दोन रुपये. म्हणजे मघाचा प्लेटमागचा आकडाच. या देशात दोन रुपयांवर एकमत आहे, फक्त ते कुणी कुणाला द्यायचे एवढंच ठरत नाही.

खासदारांच्या पगाराचं उदाहरण मात्र वादात येऊ देऊ नका. मार्च २०२५ मध्ये तो महिन्याला १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, महागाई निर्देशांकाला धरून, आणि लागू कधीपासून तर १ एप्रिल २०२३ पासून, मागचा फरक धरून. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की आता काही खासदार कमी करावे लागतील किंवा त्यांच्या जागी मशीन आणावं लागेल.

बरं, वाद जिंकलात, आता प्रत्यक्ष काय करायचं ते बघू, कारण कधीकधी खरंच बँकेतून पूर्ण पगार टाकावा लागतो, मोठ्या कंपनीचं ऑडिट असतं, ठेकेदाराला चलन न बँक स्टेटमेंट दाखवावं लागतं. तेव्हा पगार पूर्ण टाका. एक रुपया कमी नको. मागच्या वर्षी मी दहा तारखेला संध्याकाळी त्रिमूर्ती चौकाजवळच्या एका एटीएममध्ये दोन हजार काढायला गेलो होतो. माझ्या पुढे एकच माणूस. एकच म्हणून उभा राहिलो आणि वीस मिनिटं तिथेच. त्याच्या हातात कार्डांचा गठ्ठा, रबर बँड लावलेला, प्रत्येक कार्डाला मागून पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला न त्यावर बॉलपेनने चार आकडे. कार्ड घालायचा, आकडे दाबायचा, नोटा मोजायचा, त्यातल्या काही डाव्या खिशात न बाकीच्या पाकिटात, पाकिटावर नाव, पुढचं कार्ड. अगदी शांतपणे, पत्ते वाटल्यासारखं. मध्ये एकदा मागे वळून म्हणाला, "दादा, तुमचं एकच आहे का? घ्या ना तुम्ही आधी." इतका सभ्य माणूस. बाहेर काचेपलीकडे बाईकला टेकून चार-पाच पोरं उभी होती, कंपनीच्या निळ्या शर्टात, त्यातलं एक आत बघून मान उंच करून मोजत होतं. स्वतःचीच पाकिटं.

कागदावर किमान वेतन, हातात जे उरेल ते. आता मला सांगा, आकडा वाढवला तर काय होणार? डावा खिसा फुगणार. म्हणून मी म्हणतो वाढवू नका, त्या माणसाची पँट फाटेल.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी "अकुशल" हा शब्द शिकून घ्या. कागदावर सगळे हेल्पर. सीएनसी मशीनवर अकरा वर्षं काढलेला माणूस, आवाजावरून सांगतो की टूल गेलंय, तो हेल्पर. त्याने शिकवलेली तीन पोरं ऑपरेटर झाली न दुसरीकडे गेली, तो हेल्पर. दर सात महिन्यांनी ब्रेक द्या म्हणजे कायम नोकरीचा हक्क सांगायला लागणारे २४० दिवस भरत नाहीत, मग अकरा वर्षं झाली तरी तो नवीनच. आणि दिवाळीत बोनस मागितला (कायद्याने कमीत कमी ८.३३ टक्के) तर सोनपापडीचा बॉक्स द्या, पण वरचा प्लास्टिकचा कागद काढू नका, म्हणजे त्याला पण पुढे देता येतो.

एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला सल्ला देणार नाही. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षवाला शेतकरी. त्याचं गणित मला मांडता येत नाही, कारण त्याच्या मालाला किमान काहीच नाहीये, ना किमान भाव, ना किमान पाऊस. औषधाचं बिल कृषी केंद्रवाला ठरवणार, भाव व्यापारी ठरवणार, आणि गारपीट झाली तर विषयच संपला. तो "मजुरी परवडत नाही" म्हणतो तेव्हा थोबाडावर लिहिलेलं असतं की खरं बोलतोय. पण गंमत बघा, त्याच्याच बागेत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची जी टोळी येते, ती थिनिंगच्या (घडातले मणी विरळ करायच्या) दिवसांत एकरी भाव बांधावर उभं राहून ठरवते. आठ दिवस काम लांबलं तर मणी जातात, हे टोळीच्या मुकादमालाही माहीत आणि मालकालाही. तेव्हा आपले अंबडचे शेठ, ज्यांची थोडी बाग पण आहे आणि जे वर्षभर "पगार मार्केटने ठरू द्या, सरकारने मध्ये पडू नये" म्हणतात, ते काय म्हणतात माहितीये? "मजूर माजलेत. यांचे रेट सरकारने फिक्स केले पाहिजेत."

मार्केट खरं, पण तेही जोवर आपल्या बाजूने झुकलंय तोवर. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

राहता राहिलं घर. "आमचं कुठे युनिट आहे, आम्ही नोकरदार" असं म्हणून सुटू नका, आपल्याकडे सोसायटी आहे. सोसायटीत एक ग्रुप काढा, त्यात मावशींचे रेट ठरवा, भांड्याला एवढे, पोळ्यांना एवढे, आणि कुणी शंभर जास्त दिले तर त्याला ग्रुपवर झाडा की तुमच्यामुळे सगळ्यांचं बिघडतं. हेच मावशींनी केलं, चौघी जणी मिळून म्हणाल्या की आम्ही या रेटच्या खाली येणार नाही, तर त्याला युनियनबाजी म्हणायचं.

आमच्या सोसायटीची सभा झाली, टेरेसवर. लिफ्टच्या एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) दहा टक्के वाढ, दीड मिनिटात मंजूर, कंपनीचं पत्र होतं ना. टाकीला रंग, मंजूर. मग वॉचमन काकांचा विषय निघाला, बारा तास ड्युटी, एजन्सीतर्फे, हजार रुपये वाढवून मागत होते, आमचे बेचाळीस फ्लॅट, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला चोवीस रुपये. चाळीस मिनिटं चर्चा. एकजण म्हणाले, एकदा वाढवलं की दरवर्षी मागतील. एकजण म्हणाले, रात्री झोपतात ते. तिसरे म्हणाले, झोपतात ते ठीक आहे, पण खुर्ची सोसायटीची आहे. कुणीतरी विचारलं, कायद्याने किती द्यायला लागतं, तर सगळे एकदम गप्प, मग सेक्रेटरी म्हणाले तो एजन्सीचा प्रश्न आहे, आपला नाही. काका तोवर चहाचा ट्रे घेऊन वर आले, जिना चढून, कारण लिफ्ट बंद होती. सगळ्यांना दिला, साखर कमीवाला वेगळा लक्षात ठेवून दिला.

इतिवृत्तात असं लिहिलंय: विषय क्रमांक ७, सुरक्षारक्षक वेतनवाढ, सविस्तर चर्चेअंती पुढील सभेपर्यंत तहकूब. सूचक बी विंगचे चेअरमन. अनुमोदक म्हणून जे नाव आहे ते माझं, सही पण माझीच, आणि पेन काकांचं होतं, अजून माझ्याकडेच आहे.